गिरवणं

नियम साधे आहेत: पाच पानं, मूळ पाठवू नका,
पेन्सिलचं पान सोबत जोडा,
म्हणजे कळेल तुम्ही काय केलंत
आणि काय आधीच होतं.

मावशी हेच विचारते दर दिवाळीला.
"चित्रं तो मालेगावचा मुलगा काढतो ना?
मग तू काय करतेस? गिरवतेस?"

गिरवते, मावशी.
पहिलीत बाईंनी पाटीवर काढून दिलेला ग गिरवायचे, तसंच.
फक्त इथे बाईंनी एकाच जागी सहा रेघा ओढल्यात
आणि त्यातली खरी कुठली ते मला ठरवायचंय.

इरफान पिंजारी लूमची पाळी संपवून रात्री दोनला काढतो.
त्याच्या रेघांना धाप लागलेली असते.
पाठीला तीन कणे, घोड्याला सात पाय,
आणि काळोखाच्या जागी नुसती एक फुली,
शेजारी बारीक अक्षरात: तुला वाटेल तितकं.
या तीन शब्दांवर
माझा आख्खा मे महिना गेला.

पंखा बंद, कारण निबवरची शाई वाळते.
मनगटाखाली बाबांचा रुमाल, कारण घाम.
बाटली कणकेच्या गोळ्यात रोवलेली,
ती एकदा तिसऱ्या पानावर आडवी झाली तेव्हापासून.

बाबा एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होते.
रोज झडती देऊन घरी यायचे.
नखांतली शाई तेवढी फाटकातून सुटायची.
रविवारी त्यांनी भिंग काढलं.
चौथं पान. हरिहरच्या पायऱ्या, रात्र,
कंदील घेऊन चढणारी एकटी मुलगी.
चहावर साय धरली.
मग बोट कागदाला न लावता, वरच्या वर,
तिच्या टाचेपाशी थांबले.
"ही रेघ भ्यालेली आहे."
भिंग पुसून डबीत ठेवलं आणि दूध आणायला गेले.

राग आला. जेवले नाही.
अकराला दिवा लावून पुन्हा पाहिलं.
टाच आणि दगड यांच्यामध्ये मी निब उचलली होती,
पुन्हा टेकवली होती. केसभर फरक.
मुलगी पायरीवर उभी नव्हती,
चिकटवलेली होती.

पांढऱ्या रंगानं झाकता आलं असतं.
मी काचेखाली ट्यूब लावली, झेरॉक्सवर कोरा कागद ठेवला,
नवी निब जिभेवर फिरवून तिचं तेल काढलं,
आणि टाचेला हात न लावता आधी काळं भरलं.
जिथे इरफान फुली मारून गेला तिथे,
जिथे मारायला धजला नाही तिथेही,
पायऱ्यांच्या कडांपर्यंत, कंदिलाच्या अगदी तोंडापर्यंत.
मग टाच.
श्वास रोखून नाही. सोडता सोडता.

बाकीच्या चार पानांवरून खोडरबर फिरवलं होतं तेव्हा
इरफान करड्या कण्यांत गोळा झाला होता,
फुंकर मारताना मला जरा अपराधी वाटलं होतं.
या पानावर खोडायला काहीच नव्हतं.
मी तरी रबर हातात घेऊन बसले.

बिटकोला झेरॉक्सवाला म्हणाला,
"ताई, एवढं काळं? टोनर संपेल माझा."
म्हटलं, संपू दे. करडं आलेलं मला चालणार नाही.
दोनदा परत काढायला लावलं.

घरी द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा कापला,
पानं मधे घातली. प्रत्येकाच्या पाठीवर नाव हवं.
कागद पातळ, शाई पलीकडे उमटेल, म्हणून पेन्सिलीनं,
हलक्या हातानं: मनाली गांगुर्डे,
जेल रोड, नाशिक रोड.

बाबांनी पान उजेडाकडे धरलं.
"पुसट दिसतंय गं," म्हणाले.
"गिरवू?"